मिनिएचरवर पुट्टीचा झगा चढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलावरच्या युद्धखेळांतल्या २८ मिमीच्या पुतळ्यांवर इपॉक्सी पुट्टीने झगा, डगला किंवा घोळदार वस्त्र कसं घडवायचं, याबद्दल नवख्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी वॉरहॅमर ४०,००० या खेळातला डार्क एंजल्सचा स्पेस मरीन, म्हणजे जाड चिलखत घातलेला सैनिक, धरला आहे. चिलखतावर कापड आलं की या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच पुतळ्यावर भेटतात.

डार्क एंजल्सचे झगेवाले पुतळे तयार मिळतात. मग हाताने घडवायचं कशाला?

गेम्स वर्कशॉप ही नॉटिंगहॅमची कंपनी. वॉरहॅमर ४०,००० ची पहिली आवृत्ती १९८७ साली आली आणि डार्क एंजल्स हे त्यातलं मठवासी वळणाचं लढाऊ दल. गडद हिरवं चिलखत आणि त्यावर हाडाच्या रंगाचा, हुड असलेला झगा, ही त्यांची ओळख. कंपनी झगेवाले पुतळे विकते आणि ते सुबकही असतात. पण त्यांची ठेवण ठरलेली असते. तुम्ही एखाद्या मरीनचा गुडघा वाकवलात, कंबर वळवलीत, हात वर नेलात, की तयार प्लास्टिकचा झगा त्या शरीराशी बोलेनासा होतो. पाय पुढे आणि कापड सरळ खाली, असं दिसतं. पुट्टीचा झगा त्या एकाच पुतळ्याच्या हालचालीतून निघतो, आणि एवढ्यासाठी मी ही मेहनत करतो. शिवाय एकाच पेटीतून निघालेले पाच जण पाच वेगळी माणसं दिसू लागतात.

कुठली पुट्टी घ्यावी?

कापडासाठी ग्रीन स्टफ. निळी आणि पिवळी अशा दोन पट्ट्या येतात, मळल्या की हिरवा गोळा होतो. तो लवचीक असतो, ताणला तर तुटत नाही, दाबलेली चुणी जिथल्या तिथे धरून ठेवतो आणि आवळल्यावरही, म्हणजे घट्ट झाल्यावरही, थोडा लवतो, म्हणून पातळ काठ सहज मोडत नाही. दोष एकच, पण मोठा: पुरता आवळल्यावर त्याला पॉलिश पेपर मारता येत नाही. घासायला गेलं तर गुळगुळीत व्हायच्या ऐवजी तंतू सुटतात. म्हणजे जे काही गुळगुळीत करायचं ते ओलं असतानाच.

मिलिपुट याच्या उलट स्वभावाची. वेल्समध्ये बनते, पाण्याने पुसता येते, आवळल्यावर दगडासारखी कडक होते, कापता, घासता, कोरता येते. पण ओली असताना ती लुसलुशीत आणि भुसभुशीत असते, ताण सहन करत नाही. पातळ कापड तिच्यात काढलं तर काठाचा टवका उडतो.

माझी पसंती दोन्हींच्या मिश्रणाला. ग्रीन स्टफ वेगळं मळायचं, मिलिपुट वेगळी मळायची, मग दोन्ही गोळे एकत्र करायचे. निम्मं-निम्मं घेतलं तर चुणी धारदार उठते आणि आवळल्यावर हलका हात फिरवून घासताही येतं. फार लवणारं, वाऱ्यावर उडणारं कापड असेल तर ग्रीन स्टफ जास्त ठेवावं.

एम-सीलने काम भागेल का? हार्डवेअरच्या दुकानात लगेच मिळते.

आतला भराव म्हणून बेशक वापरा. पिडिलाइटची एम-सील ही दोन भागांची इपॉक्सी पुट्टीच आहे, कडक होते, प्लास्टिकला आणि धातूला धरते. झग्याच्या पोटात जो ढोबळ आकार लागतो तो तिने करून घेतला की महागडी आयात पुट्टी फक्त वरच्या थरापुरती लागते. वरच्या थरासाठी मात्र नको. तिचा कण जाड असतो आणि ती आवळायला फार घाई करते. एक चुणी नीट होते तोवर शेजारचीला हात लावता येत नाही.

मिश्रणाचं प्रमाण आणि वेळ किती धरायची?

ग्रीन स्टफसाठी निळं-पिवळं सारखं. पिवळं जास्त झालं की पुट्टी मऊ, चिकट आणि हळू आवळणारी होते. निळं जास्त झालं की ताठ आणि घाईची. कापडासाठी पिवळं किंचित जास्त ठेवलं तर वेळ मिळतो. धारदार कडा, बक्कल, चिलखताचे भाग यांच्यासाठी निळं जास्त.

पट्टी स्वरूपात घेतली असेल तर एक काम कधी टाळू नका. निळा आणि पिवळा भाग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथली बारीक रेघ पाकिटातच आवळलेली असते. ती पातीने कापून फेकून द्या. ती मळली गेली तर गोळ्यात कडक कण राहतात आणि नेमक्या सर्वात दिसणाऱ्या जागी वर येतात.

मळून रंग एकसारखा झाला की साधारण तास-दीड तास हातात असतो. पण त्यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या कामाचा. पहिली दहा-पंधरा मिनिटं गोळा फार चिकट असतो. ही वेळ तो पुतळ्यावर बसवून ढोबळ आकार देण्याची. मधला काळ चुण्या काढायचा. शेवटी पुट्टी चामड्यासारखी चिवट होते, तेव्हा काठ कापायचे, चुण्यांची धार पक्की करायची आणि पृष्ठभाग पुसून घ्यायचा. पूर्ण कडक व्हायला एक दिवस द्या.

अवजारं कुठून आणायची?

महाग संच घ्यायची गरज नाही. नखांवर नक्षी काढायला जी गोल टोकांची डॉटिंग टूल्स मिळतात ती चुण्यांच्या खोलगट भागासाठी उत्तम. मेण कोरायचं एक चपटं पोलादी अवजार, जाड शिवणसुई लाकडी काडीत बसवून, आणि छंदकामाची धारदार सुरी. एवढ्यात झगा पूर्ण होतो.

पैसे घालायचेच असतील तर रबरी टोकाच्या शेपरवर घाला. ब्रशसारखी दांडी आणि पुढे सिलिकॉनचं टोक असतं. पोलाद पुट्टीवर ओरखडा ठेवतं, सिलिकॉन तोच ओरखडा पुसतं. सर्वात लहान मापाचं, टोकदार आणि छिन्नीसारखं, असे दोन पुरेत.

पुतळ्याची तयारी काय करावी?

आधी काय कापायचं ते ठरवा. मरीनच्या मांडीवरची पाकिटं, कमरेचे बॉम्ब, मागचं म्यान हे सगळं झग्याखाली जाणार असेल तर काढून टाका. तसंच ठेवून वर पुट्टी लावली तर कमरेपाशी माणूस फुगतो. गुडघ्याचं चिलखत बहुतेक वेळा ठेवावं, कारण पुढे झगा दुभंगतो आणि तिथून गुडघा बाहेर येतो.

रेझिनचा पुतळा असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने घासून धुवा. साच्यातलं तेल राहिलं तर पुट्टी सोलून निघते. पुट्टी जिथे बसणार तिथे सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारा. पाय तळपटावर किंवा बुचाच्या तुकड्यावर पिनेने घट्ट बसवा, म्हणजे पुतळा हातात न धरता फिरवता येतो. हात, डोकं, पाठीवरचं यंत्र चिकटवू नका, पण ब्लू-टॅकने (लावून पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने) लावून पाहा. बंदूक धरलेला हात कापडाला कुठे टेकतो हे आताच कळलं पाहिजे.

झगा एका बैठकीत होतो का?

एका बैठकीत करायला गेलं की एका बाजूला चुण्या काढताना दुसऱ्या बाजूला अंगठा रुततो. भाग पाडा आणि प्रत्येक भाग कडक होऊ द्या.

मी साधारण असा क्रम ठेवतो. पहिल्या दिवशी भराव: पायांमधली पोकळी आणि मागचा ढोबळ उतार. दुसऱ्या दिवशी पाठीमागचा घेर, कमरपट्ट्यापासून घोट्यापर्यंत. मग एक बाजू, मग दुसरी, मग पुढचे दोन पदर. त्यानंतर छातीवरचं कापड, बाह्या, आणि अगदी शेवटी हुड, कमरेची दोरी आणि गोंडे. भागांचा सांधा नेहमी खोल चुणीच्या तळाशी आणावा. तिथे सावली असते, सांधा दिसत नाही. चुणीच्या माथ्यावर सांधा आला तर रंगाचा प्रत्येक थर तो दाखवून देतो.

वाट पाहायची म्हणजे हात रिकामे ठेवायचे असं नाही. तीन पुतळे ओळीने घेतले की रोज कुणाच्या तरी एका भागावर काम होतं, आणि मळलेली पुट्टीही वाया जात नाही.

माझ्या चुण्या गांडुळांसारख्या दिसतात. खऱ्या कापडासारख्या का दिसत नाहीत?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि उत्तर हातात नसून नजरेत आहे. नवखा माणूस कापडाचा पृष्ठभाग घेतो आणि त्यावर सारख्या अंतरावर रेघा ओढतो. खरं कापड मात्र कुठून तरी लटकतं आणि कुठे तरी अडतं. चुणी म्हणजे त्या दोन जागांमधला ताण. म्हणून पुट्टी मळण्याआधी पेन्सिलने पुतळ्यावरच ठिपके द्या: कापड कुठून लटकतंय? खांदे, कमरपट्टा, कोपर. कुठे अडतंय? पुढे आलेला गुडघा, मागची पोटरी, जमीन.

आता उजवा गुडघा पुढे टाकून उभा असलेला मरीन घ्या. मागच्या बाजूला कापड फक्त पट्ट्यातून लटकतंय, त्याला खाली कुणी अडवत नाही. तिथे नळीसारख्या उभ्या चुण्या पडतील, वर अरुंद, खाली येता येता रुंद. उजव्या मांडीवर कापड ताणलेलं, तिथे जवळजवळ चुणी नाही; सपाटच ठेवा. त्या सपाटपणामुळे खाली मांडी आहे हे बघणाऱ्याला जाणवतं. गुडघ्याच्या टोकापासून दोन-तीन चुण्या तिरप्या निघून डाव्या नितंबाकडे जातील, कारण ताण त्या दिशेला आहे. गुडघ्याखाली कापड पुन्हा सुटतं आणि सरळ खाली पडतं. दोन पायांच्या मधे, जिथे कापड दोन्हीकडे टेकून मधे सैल आहे, तिथे झोका पडतो, वाटीसारख्या आडव्या चुण्या. कोपराच्या आतल्या बाजूला आणखी वेगळा प्रकार: कापड दुमडून एकावर एक चढतं आणि नागमोडी होतं.

हे ठरलं की हात चालवणं सोपं. डॉटिंग टूलच्या गोल टोकाने आधी खोलगट भाग दाबा, उंचवटे आपोआप उरतात. वरून वळकट्या चिकटवून चुण्या करू नका. गांडुळं त्यातूनच जन्मतात. खोलगट भाग दाबून झाला की चपट्या अवजाराने उंचवट्याची एक बाजू उभी करा आणि दुसरी उताराची ठेवा. दोन्ही बाजू सारख्या गोल राहिल्या तर कापड रबराचं वाटतं. दोन चुण्यांमधलं अंतर बदलत राहू द्या. एखादी चुणी मधेच विरू द्या, दोन चुण्या खाली येताना एकीत मिसळू द्या, इंग्रजी वायसारखा आकार होईल. आणि वाटते त्यापेक्षा खोल दाबा. प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) आणि रंगाचे थर बसल्यावर उथळ चुणी दिसेनाशी होते.

बघायला काय आहे असं विचाराल, तर आपल्याकडे कमी नाही. नऊवारीच्या निऱ्या चालताना गुडघ्याशी कशा मोडतात, धोतराचा सोगा पायरी चढताना कुठे ताणतो, हे निरखा. गणपतीच्या दिवसांत पेणच्या मूर्तींच्या पितांबरावर नजर टाका. बसलेल्या मूर्तीच्या मांडीवर कापड सपाट आणि दोन मांड्यांमधे निऱ्यांचा पंखा, हे तिथे स्पष्ट दिसतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिल्पांचं दालन आहे. गांधार शैलीतल्या बुद्धमूर्तींचं जाड संघाटी, म्हणजे भिक्खूचं वरचं वस्त्र, खांद्यावरून खाली येणाऱ्या त्याच्या खोल, वळणदार चुण्या, हे आपल्या कामाला अगदी जवळचं आहे. सारनाथच्या गुप्तकालीन मूर्तींत त्याच वस्त्राला चुण्या जवळजवळ नसतात, फक्त गळ्याशी आणि काठाशी रेघ असते. ते दगडात अप्रतिम दिसतं, पण २८ मिमीवर झगा नाहीसाच होतो. गांधारच्या वाटेने जा.

कापड किती जाड असावं?

गणित करून पाहा. २८ मिमीचा पुतळा साधारण १:५६ ते १:६४ या प्रमाणात असतो. म्हणजे पुतळ्यावरचा एक मिलिमीटर प्रत्यक्षात साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटर. झग्याचा काठ अर्धा मिलिमीटर जाड राहिला तर तो मरीन तीन सेंटिमीटर जाड गादी नेसून उभा आहे असा हिशोब होतो. खरी जाडी गाठणं अशक्य आहे आणि गरजही नाही. काठ तेवढा पातळ करा. आत, पायांजवळ पुट्टी कितीही जाड असली तरी कुणाला दिसत नाही. खालच्या काठाला आतून तिरपा छेद दिला, म्हणजे बाहेरून धार आणि आतून उतार, की डोळा फसतो. काठ पायापासून थोडा सुटा ठेवून खाली सावलीला जागा दिली तर झगा अंगावर चढवल्यासारखा वाटतो.

पुट्टी लाटून तुकडा चिकटवावा, की थेट पुतळ्यावर घडवावी?

शरीराला लागून असलेला भाग थेट घडवा. ज्याच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणजे उडणारा पदर, दुभंगलेल्या झग्याचं टोक, खांद्यावरून मागे गेलेलं कापड, ते लाटा.

लाटायला गुळगुळीत प्लास्टिकचा फोल्डर घ्या, त्यावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. गोल पेन किंवा काचेच्या नळीने लाटा. मग त्याला हात लावू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. पुट्टी चिवट झाली की धारदार पातीने, ओढून न कापता वरून दाबून, हवा तो आकार कापा. सुरीचं पातं खाली सरकवून तुकडा उचला आणि पुतळ्यावर लावा. लागणाऱ्या जागी ताज्या पुट्टीचा कण किंवा किंचित फेविक्विक. लगेच लाटून लगेच लावलेला तुकडा लोंबतो, लांबतो आणि बोटाला चिकटून फाटतो.

वाऱ्यावर उडणारा झगा आपोआप खाली बसतो. काय करावं?

आधार हवा. पातळ पितळी तार पायात भोक पाडून पिनेसारखी बसवा आणि कापडाच्या दिशेने वाकवा. मोठा घेर असेल तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल दुहेरी करून त्याच आकारात वळवा, तारेवर चिकटवा, तिच्यावर आधी आतली बाजू करा, कडक होऊ द्या, मग बाहेरची. फार धीर लागतो, पण कापडाची आतली बाजू खरी दिसते.

दुसरी सोपी युक्ती: लाटलेला तुकडा लावल्यावर पुतळा उलटा किंवा आडवा टांगून ठेवा, म्हणजे वजन तुम्हाला हव्या दिशेला ओढेल. आणि वारा एकच असू द्या. झगा डावीकडे उडतोय आणि शिरस्त्राणावरची पिसं उजवीकडे, असे पुतळे स्पर्धांतही दिसतात.

हुड कसा करायचा?

खाली पडलेला हुड आधी शिका, तो सोपा. मानेमागे पुट्टीची जाड वळकटी कंकणासारखी ठेवा, तिचा मधला भाग पाठीवर त्रिकोणात ओढा, आणि गोल टोकाने मधे खड्डा दाबा. दुमडलेल्या कापडाच्या दोन-तीन आडव्या चुण्या मानेशी दिल्या की झालं.

डोक्यावर घेतलेल्या हुडात चूक होते ती मापाची. शिरस्त्राणावरच पुट्टी चढवली तर डोकं दीडपट होतं आणि मरीन लहान मुलासारखा दिसतो. त्यामुळे शिरस्त्राणाचा मागचा आणि वरचा भाग आधी तासून काढा. चेहरा, डोळ्यांची भिंगं आणि पुढची जाळी एवढंच ठेवा. मागे ढोबळ कवच करा, ते कडक होऊ द्या. मग लाटलेली पट्टी चेहऱ्याभोवती कमानीसारखी लावा, काठ चेहऱ्यापासून सुटा ठेवून. हुडच्या आत खोल सावली पडली पाहिजे, डार्क एंजल्सचा सगळा दरारा त्या सावलीत आहे. माथ्यावर किंचित टोक आणि तिथून खांद्यांकडे येणाऱ्या तिरप्या चुण्या. खांद्याच्या मोठ्या चिलखतपट्ट्या बसतात की नाही, ते पुट्टी ओली असतानाच लावून, काढून पाहा.

आणि रुंद बाह्या?

हाताचं चिलखत ठेवा, त्यावर मनगटापाशी शंकूसारखा घेर उघडा. बाहीचं तोंड पोकळ दिसणं महत्त्वाचं, म्हणून गोल टोकाने आतून बाहेर दाबत काठ पातळ करा. बाहीचा जास्तीचा भाग नेहमी जमिनीकडे लोंबतो. हात वर उचललेला असेल तर कापड कोपराकडे घसरून तिथे गोळा होतं. हात सुटा असताना बाही घडवली आणि मग चिकटवली, तर लोंबण्याची दिशा चुकते. आधी ब्लू-टॅकने हात जागेवर लावून खालची दिशा खूण करून घ्या.

दोरी, काठाची नक्षी, फाटके काठ?

दोरीसाठी पुट्टीचे दोन बारीक धागे वळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, एकमेकांत पीळ द्या, चिवट झाल्यावर कमरेला बांधा. गाठ वेगळ्या गोळ्याची करा. काठाची पट्टी हवी तर झगा कडक झाल्यावर दुसऱ्या दिवशी अगदी पातळ लाटलेली पट्टी लावा. ती चुण्यांच्या वरखाली जाईल तशीच नेली पाहिजे, सरळ रेषेत नाही. फाटका काठ पुट्टी चिवट असताना सुरीने कापून वर ओढा. कापडाची वीण मात्र काढू नका. या प्रमाणात ती दिसूच शकत नाही, आणि काढली तर झगा गोणपाटाचा होतो.

पुट्टी अवजाराला चिकटते, आणि बोटांचे ठसे राहतात.

अवजार ओलं ठेवा. ग्रीन स्टफला पाणी चालतं, व्हॅसलिन अधिक चांगलं. पण व्हॅसलिन जिथे लागलं तिथे पुढचा थर धरत नाही, म्हणून भाग कडक झाल्यावर जुन्या टूथब्रशने साबण लावून धुवा. मिलिपुट मिसळली असेल तर फक्त पाणी. ओला मऊ ब्रश फिरवला की ठसे पुसले जातात.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फरक पडतो का?

पडतो. ही पुट्टी वाळत नाही, तिच्यात रासायनिक क्रिया होऊन ती आवळते. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात हवा ओली असली तरी पुट्टीचं काही बिघडत नाही. उष्णता मात्र तिला पळवते. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी मळलेली पुट्टी हातात फार वेळ राहत नाही; सकाळी लवकर किंवा रात्री काम करा, थोडी-थोडी मळा. उलट घाई असेल तर टेबललॅम्पखाली ठेवा, पण प्लास्टिक आणि रेझिनचे पुतळे ओव्हनमध्ये घालू नका, ते वाकतात. मळलेला गोळा उरला तर फ्रीजरमध्ये बंद डबीत काही तास टिकतो. ती डबी अन्नापासून वेगळी आणि तिच्यावर नाव लिहिलेलं असू द्या.

पावसाळ्यात खरी काळजी प्रायमरच्या स्प्रेची. दमट हवेत तो पांढरट आणि खरखरीत बसतो, आणि इतक्या दिवसांच्या चुण्या त्याखाली जातात. त्या महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमर वापरा.

हाताला त्रास होतो का?

न आवळलेल्या इपॉक्सीची काहींना ॲलर्जी होते आणि एकदा झाली की ती सुटत नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. अवजार ओलं करायला जिभेला लावायची सवय अनेकांना असते, ती सोडा. कडक पुट्टी घासताना मास्क लावा किंवा पाण्यात ओली करून घासा.

मराठेशाहीतल्या सरदारांना याच पद्धतीने जामा घालता येईल का?

येईल, आणि मराठी माणसाने हे करून पाहावंच. पण जामा म्हणजे झगा नव्हे. झगा खांद्यावरून लटकतो आणि कमरेला दोरीने आवळलेला असतो. जामा छातीला घट्ट बसतो आणि कमरेपासून खाली त्याला घेर शिवलेला असतो. म्हणजे लटकण्याची जागा कंबर, आणि चुण्या तिथून चोहीकडे निघतात: दाट, बारीक, वर अगदी जवळजवळ. कापड बहुतेक वेळा मलमल, म्हणून मरीनच्या जाड झग्यासारखे खोल खड्डे नकोत. धारदार आणि पातळ उंचवटे हवेत. बाह्या अरुंद आणि हातापेक्षा लांब, त्यामुळे मनगटाच्या वर कंकणांसारख्या आडव्या चुण्या गोळा होतात. कमरेला शेला, आणि त्याची टोकं पुढे सोडलेली. घेर कमरेपासून लाटलेल्या चार-पाच पाकळ्यांनी करा, एकेक पाकळी चिवट झाल्यावर लावत.

पोशाखासाठी त्या काळातली चित्रं पाहा. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० च्या दशकात पुणे दरबारची माणसं रंगवली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. पांढरं तलम कापड बसलेल्या माणसाच्या अंगावर कसं पडतं ते त्यात दिसतं. लढाईच्या पुतळ्यासाठी मात्र घोड्यावर बसणाऱ्या माणसाचा आखूड घेर धरा.

रंगवताना काही वेगळं?

आधी राखाडी प्रायमर. हिरवी पुट्टी आणि राखाडी प्लास्टिक एका रंगात आलं की कुठे खड्डा, कुठे ठसा राहिलाय ते दिसतं. तेव्हाच दुरुस्त करा. हाडाच्या रंगासाठी सिटाडेलचा, म्हणजे गेम्स वर्कशॉपच्याच रंगांतला, झांद्री डस्ट, त्यावर खोलगट भागांत अॅग्रॅक्स अर्थशेड हा पातळ, गडद शेड, मग उशाबती बोन उंचवट्यांवर आणि शेवटी स्क्रीमिंग स्कल फक्त धारेवर. शेड सगळीकडे ओतू नका, मांडीवरच्या सपाट भागात डाग पडतात. चुण्या नीट घडवल्या असतील तर रंग स्वतःच आपली जागा शोधतो.

पहिला प्रयत्न कशावर करावा?

वॉचर इन द डार्कवर. डार्क एंजल्सच्या सोबत वावरणारे हे बुटके जीव, डोक्यावर हुड आणि अंगभर झगा, हातपाय जवळजवळ दिसत नाहीत. तारेचा छोटा खुंट, एम-सीलचा शंकू, त्यावर पुट्टीचा एकच थर, उभ्या चुण्या, आणि हुडमध्ये काळोख. यात गुडघा नाही, बंदूक नाही, चिलखत नाही, फक्त कापड. तो जमला की मागच्या ओळीत उभा राहणारा साधा मरीन घ्या. सेनापतीचा पुतळा त्यानंतर.

खेळताना काठ मोडला तर?

ग्रीन स्टफचा काठ बहुधा मोडत नाही, वाकतो. बोटाने परत आणा आणि रंगाचा उडालेला टवका भरा. मिलिपुटचं प्रमाण जास्त असलेला काठ तुटला तर तुटलेला तुकडा चिकटवण्यात वेळ घालवू नका. कडा खरवडून घ्या, नवी पुट्टी लावा आणि तिथे कापड फाटलेलंच दाखवा. पुतळे नेण्यासाठी तळपटाखाली चुंबक लावून लोखंडी पत्र्याच्या डब्यात उभे ठेवा. फोममध्ये कोंबलेले झगे काठाकडूनच आधी झिजतात.